उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

वकिलीत नव्याने आलेल्याला ज्येष्ठ मंडळी जी पथ्यं सांगतात, त्यातलं एक फार जुनं आहे. उलटतपासणीत, ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला विचारू नकोस. त्यातही ‘का?’ तर मुळीच नको. साक्षीदार तोंड उघडतो आणि सहा महिने रचत आणलेली केस एका वाक्यात आडवी होते.

नॉर्मन मॅनली म्हणजे त्या काळच्या जमैकातलं वकिलीतलं सगळ्यात मोठं नाव. १९२२ ते १९५५ अशी तेहेतीस वर्षं त्यांनी कोर्टात काढली. हे पथ्य त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही जमैकाच्या सरकारचे प्रमुख असताना, १९ सप्टेंबर १९६१ रोजी, त्यांनी आपल्या राजकीय आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न उत्तर ठाऊक नसताना विचारला, आणि तोही एकदम अख्ख्या बेटाला. जमैकाने वेस्ट इंडिजच्या संघराज्यात राहावं का? बेट म्हणालं, नाही. ५४ टक्के मतं विरोधात पडली आणि पुढच्या नऊ महिन्यांच्या आत ते संघराज्यच उरलं नाही.

तेव्हापासून मॅनलींवर दोन शिक्के मारले जातात. एक भाबडेपणाचा: विधिमंडळात बहुमत होतं, कायद्याने विचारायची सक्ती नव्हती, मग हा उपद्व्याप सांगितला होता कुणी? दुसरा शिक्का थोर लोकशाहीवादी असल्याचा: हरले, पण तत्त्वासाठी हरले. मला दोन्ही पटत नाहीत. विचारणं बरोबरच होतं. मॅनली चुकले ते विचारण्याआधीच्या तीन वर्षांत, आणि ती चूक भाबड्या माणसाची नव्हती, मुरलेल्या वकिलाची होती.

आपल्याकडे वेस्ट इंडिज म्हणजे क्रिकेट. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिकडे गेला, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनच्या सबिना पार्कवर २१२ काढल्या, पुढच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला गावसकर नावाचा पोरगा पहिल्यांदा खेळला आणि आपण जिंकलो. त्या बातम्या ऐकत वाढलेल्या कितीजणांनी शाळेच्या नकाशात ‘वेस्ट इंडिज’ हा देश शोधला असेल! तो सापडत नाही. होता मात्र, किंवा होऊ घातला होता. ३ जानेवारी १९५८ ते ३१ मे १९६२. चार वर्षं आणि पाच महिने. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस आणि बाकीच्या लहान बेटांच्या अशा दहा ब्रिटिश वसाहती एका छत्राखाली आल्या होत्या, पोर्ट ऑफ स्पेनला राजधानी होती, संसद होती, पंतप्रधान होते. आज त्या घरातलं सामान म्हणून एक क्रिकेट संघ आणि एक विद्यापीठ उरलं आहे, आणि गंमत म्हणजे ही दोन्ही संघराज्याच्या आधीपासूनची आहेत.

मॅनलींचा जन्म १८९३ चा, जमैकाच्या मँचेस्टर परगण्यातला. वडील शेतमालाचे व्यापारी, ते लवकर गेले. आईने पोस्टाचं काम सांभाळत चार मुलं वाढवली. १९११ साली शाळांच्या स्पर्धेत या मुलाने १०० यार्ड दहा सेकंदांत कापले आणि तो शालेय विक्रम चार दशकं टिकला. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती, ऑक्सफर्ड, मधेच पहिलं महायुद्ध. तोफखान्यात शौर्यपदक मिळालं, पण काळ्या माणसाचे हुकूम घ्यायला नाखूश असलेल्या गोऱ्या सोबत्यांमुळे बढतीची फीत उतरवून दुसऱ्या तुकडीत जायची पाळी आली. धाकटा भाऊ रॉय त्या युद्धातून परतलाच नाही. लंडनला बॅरिस्टर होऊन, शिल्पकार असलेल्या एडनाशी लग्न करून मॅनली जमैकाला आले आणि दहा वर्षांत किंग्ज कौन्सेल, म्हणजे सरकारमान्य ज्येष्ठ वकील, झाले. इथपर्यंत ही एका हुशार मध्यमवर्गीय माणसाची गोष्ट आहे. अशी माणसं प्रत्येक वसाहतीत होती, आपल्याकडेही होती.

गोष्ट वळण घेते ती १९३८ मध्ये. साखरेचे भाव पडलेले, मजुरी नावापुरती. मे महिन्याच्या सुरुवातीला वेस्टमोरलंडमधल्या फ्रोमच्या साखर कारखान्यावर मजूर जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. मग वणवा किंग्स्टनच्या गोदीत पोचला. गोदी कामगारांचा पुढारी होता अलेक्झांडर बुस्तामांते. मॅनलींचाच दूरचा भाऊ, धंद्याने सावकार. उंच, केस पिंजारलेले, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. पोलिसांनी बंदुका रोखल्यावर त्याने शर्ट उघडून छाती पुढे केली आणि मला मारा, लोकांना सोडा म्हणाला, असं तिकडे आजही सांगतात. २४ मे रोजी त्याला अटक झाली.

आता बॅरिस्टर मॅनली मधे पडले. कामगारांच्या वतीने ते गोदीमालकांशी बोलले, सरकारशी बोलले, मजुरीत वाढ पदरात पाडून घेतली आणि ती घेऊन कामगारांकडे गेले. कामगारांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की बुस्तामांते बाहेर येईपर्यंत आम्ही कामावर जात नाही. पैसे वाढवून मिळत होते, तरी नाही. मग मॅनलींनी कोर्टकचेऱ्या करून भावाला सोडवून आणलं, आणि गोदी सुरू झाली.

मला या प्रसंगात त्यांचं पुढचं सगळं राजकारण दिसतं. सौदा उत्तम होता, मुद्दे चोख होते आणि समोरच्या माणसांना त्या घडीला सौदा नको होता, त्यांचा माणूस हवा होता. मॅनलींना हे कळलं नाही असं नाही. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला किंग्स्टनच्या वॉर्ड थिएटरात त्यांनी पीपल्स नॅशनल पार्टी काढली. व्यासपीठावर स्टॅफर्ड क्रिप्स बसले होते. हो, चार वर्षांनी आपल्याकडे योजना घेऊन आलेले तेच क्रिप्स. पक्षाने प्रौढ मताधिकार मागितला, तो मिळाला, आणि १९४४ च्या पहिल्याच निवडणुकीत त्या मताधिकाराने मॅनलींना पाडलं. बत्तीसपैकी बावीस जागा बुस्तामांतेच्या लेबर पार्टीला, पाच मॅनलींच्या पक्षाला, आणि त्या पाचांत खुद्द मॅनली नव्हते.

दुसरा कुणी असता तर पुन्हा काळा कोट चढवून गप्प बसला असता. मॅनली अकरा वर्षं विरोधात राहिले, १९५५ मध्ये सत्तेवर आले आणि तेव्हाच वकिली कायमची सोडली. त्यांना जनतेची नाडी कळत नव्हती असं म्हणणाऱ्यांनी १९३७ चं जमैका वेल्फेअर आठवावं. केळी उत्पादकांचे वकील म्हणून युनायटेड फ्रूट या बलाढ्य कंपनीशी बोलणी करताना त्यांनी तिच्याकडून एक गोष्ट काढून घेतली होती: परदेशी जाणाऱ्या केळीच्या दर घडामागे एक सेंट, खेड्यांच्या कामासाठी. त्या सेंटांतून गावोगाव समाजमंदिरं उभी राहिली, सहकारी पतसंस्था निघाल्या. एका घडाचा एक सेंट! आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांनी उसाच्या टनामागे शिक्षणनिधी कापायला सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मग असा माणूस १९६१ मध्ये हरला कसा?

माझं उत्तर असं, की संघराज्याची केस त्यांनी घेतली ती वकील म्हणून, पक्षकार म्हणून नाही. १९५८ मध्ये संघराज्य सुरू झालं तेव्हा जमैका हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट, एकूण लोकसंख्येतली निम्मी माणसं तिथली. मॅनली हे सगळ्यात मोठे नेते. पंतप्रधान तेच होणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते गेलेच नाहीत. जमैकाला माझी गरज आहे म्हणून घरी राहिले. त्रिनिदादचे एरिक विल्यम्सही आपल्या बेटावरच राहिले. संघराज्याचे पंतप्रधान झाले बार्बाडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स. तेही वकील, तेही ऑक्सफर्डचे, पण बेट लहान आणि जमैकातल्या बाजारात त्यांना ओळखणारं कुणी नाही. लग्नाला नवरदेवाने स्वतः न जाता चुलतभावाला पाठवावं, तसं झालं. आणि मग वऱ्हाडी उत्साहाने नाचत नाहीत म्हणून आश्चर्य करायचं!

लोकांनी खूण दिली नव्हती असंही नाही. १९५८ मध्येच संघराज्याच्या संसदेची निवडणूक झाली, तीत जमैकात मॅनलींच्या बाजूने मार खाल्ला. त्याच वर्षी अ‍ॅडम्स बोलून बसले की पाच वर्षांनी आम्ही प्राप्तिकर लावू आणि तो मागच्या तारखेपासून वसूल करू. जमैकात आगडोंब उसळला. किंग्स्टनहून पोर्ट ऑफ स्पेन दीड हजार किलोमीटरच्या पुढे, मधे सगळा समुद्र. तिथे बसलेलं, जमैकाच्या माणसाने कधी न पाहिलेलं सरकार, ज्याच्याकडे रस्ता बांधायला पैसा नाही, ते मागल्या तारखेचा कर लावणार म्हणतं. ब्लू माउंटनच्या उतारावर कॉफीची चार झाडं असलेल्या माणसाला हे संघराज्य म्हणजे काय वाटलं असेल?

या काळात मॅनली काय करत होते? ते वाटाघाटी करत होते, आणि त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. जकात कुणाकडे, उद्योगांना परवानगी कुणाची, प्राप्तिकर केव्हा, संसदेत जमैकाला जागा किती, हे सगळं कलम कलम भांडून त्यांनी जमैकाच्या पदरात पाडून घेतलं. १९६१ च्या जूनमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या परिषदेतून ते परतले तेव्हा जवळपास सगळं मनासारखं झालं होतं. त्रिनिदाद मात्र चिडलेलं होतं. १९३८ च्या गोदीतलाच प्रसंग पुन्हा घडत होता, आणि या वेळी तुरुंगातून सोडवून आणायला कुणी बुस्तामांते नव्हता. तो समोरच्या बाजूला उभा होता.

बुस्तामांतेचंही सांगितलं पाहिजे. आधी तो संघराज्याच्या बाजूने होता. ३१ मे १९६० रोजी, एका पोटनिवडणुकीच्या तोंडावर, त्याने पलटी मारली आणि जमैकाने बाहेर पडावं असं जाहीर केलं. मॅनलींनी लगेच सार्वमत घोषित केलं. भावाने सावकारी चाल केली आणि दुसऱ्याने त्यावर वकिली उत्तर दिलं: चला, न्यायाधीशापुढे जाऊ. फक्त हा न्यायाधीश निकालाआधी युक्तिवाद पुरता ऐकायला बांधलेला नसतो. मतदानाला साठ टक्क्यांच्या आसपास लोक आले. किंग्स्टन शहराचा कौल होकाराकडे गेला, खेड्यापाड्यांनी नकार दिला. म्हणजे ज्या खेड्यांसाठी घडामागे सेंट गोळा केला होता त्यांनीच. लहान बेटांवरचे लोक येऊन आपल्या नोकऱ्या खातील ही भीती तिथे पोचली. जागांचं प्रमाण आणि जकातीची कलमं पोचली नाहीत.

त्यात एक आधार तर मॅनलींनी स्वतःच काढून घेतला होता. संघराज्याच्या बाजूचा जुना आणि सोपा मुद्दा असा, की एवढंसं बेट एकटं स्वतंत्र होऊच शकणार नाही. १९६० च्या जानेवारीत मॅनलींनी लंडनला जाऊन ब्रिटिश वसाहतमंत्री मॅक्लाउड यांना विचारलं, की जमैकाला एकट्याने जायचं म्हटलं तर? दार बंद नाही, एवढं कळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैकापेक्षा कितीतरी कमी वस्तीचा सायप्रस स्वतंत्र झाला. आता शेतकऱ्याला ‘एकत्र राहिलो नाही तर स्वातंत्र्य नाही’ हे सांगायची सोय उरली नाही.

निकालानंतर एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की बाकी शून्य. हे गणित इतिहासाच्या प्राध्यापकाचं. त्रिनिदादही बाहेर पडलं आणि खेळ संपला.

आता मुख्य आक्षेप. विचारलंच नसतं तर? १९५९ च्या निवडणुकीत पंचेचाळीसपैकी एकोणतीस जागा मॅनलींना मिळाल्या होत्या. विधिमंडळात ठराव करून १९६२ मध्ये दहा वसाहतींचा एक देश म्हणून ते स्वतंत्र होऊ शकले असते. लोक हळूहळू रुळले असते. ब्रिटनच्या २०१६ च्या ब्रेक्झिटनंतर तर ‘सार्वमत’ हा शब्द सुशिक्षितांच्या बैठकीत शिवीसारखा वापरला जातो. गुंतागुंतीचा प्रश्न हो-नाहीत बसत नाही, लोक भलत्याच रागापोटी मत देतात, वगैरे. हे सगळं खरं आहे. पण असाच राग खाली साचत असताना वर झेंडा लावला असता तर झेंडा किती दिवस टिकला असता?

मराठी वाचकाला इथे गोवा आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६३ च्या निवडणुकीत बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आला होता. त्यांचंही म्हणणं हेच होतं, की आमचं बहुमत हाच कौल, वेगळं विचारायचं कशाला? विलीनीकरणाला विरोध करणारे जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या बाजूचे लोक अडून बसले: लोकांना विचारा. १६ जानेवारी १९६७ ला फूल की दोन पानं, असा कौल झाला. दोन पानांना, म्हणजे वेगळं राहायला, १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७०. बाद मतं धरून एकूण मतदानाशी टक्केवारी काढली तर इथेही ५४! योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण मुंबई-पुण्यात ज्यांना त्या निकालाची हळहळ वाटली त्यांच्यापैकीही आज कुणी म्हणेल का, की न विचारता विलीन करायला हवं होतं? आणि पुढचं बघा. कौल हरलेले बांदोडकर दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यांच्या एका मताशी लोक सहमत नव्हते, पण माणूस त्यांना आपला वाटत होता.

कॅरिबियनमधले नंतरचे वकील-पुढारी मॅनलींकडून वेगवेगळं शिकले. सेंट व्हिन्सेंटच्या राल्फ गोन्साल्व्हिस यांनी २००९ मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, ५५ टक्क्यांहून जास्त विरोधात गेले. पुढच्याच वर्षी ते निवडणूक जिंकले. बार्बाडोसच्या मिया मॉटली, याही बॅरिस्टर, यांनी विचारण्याच्या भानगडीतच न पडता ३० नोव्हेंबर २०२१ ला ब्रिटनच्या राणीला निरोप देऊन देश प्रजासत्ताक केला. २०१८ मध्ये त्यांच्या पक्षाने तीसच्या तीस जागा जिंकल्या होत्या, विरोधी पक्षाचं सभागृहात निवडून आलेलं कुणीच नव्हतं. मॉटली माझ्याही आवडत्या आहेत, तरी हे मला खटकतं. राणी गेली याचं दुःख नाही, पण एवढं लोकांच्या मनासारखं होतं तर विचारायला काय हरकत होती? तीस जागा हा सरकार चालवायचा कौल असतो. देशाचा मुखडा बदलायचा कौल तोच, असं धरणं ही सोय आहे. जमैकाच्या घटनेने ही पळवाट ठेवलेली नाही. राजपदाचं कलम बदलायचं तर तिथे जनतेपुढे जावंच लागतं. ती घटना १९६१ च्या अखेरीस आणि १९६२ च्या सुरुवातीला तयार झाली, आणि सत्ताधारी मॅनली व विरोधक बुस्तामांते एकत्र बसून तिच्यावर काम करत होते.

मॅनलींबद्दलचं माझं मत पक्कं झालं ते सार्वमतामुळे नाही, त्याच्यानंतरच्या सात महिन्यांमुळे. त्यांची मुदत १९६४ पर्यंत होती. स्वातंत्र्य दारात आलेलं, पहिला पंतप्रधान होण्याचा मान समोर. त्यांनी निवडणूक पुकारली. स्वतंत्र देशाची धुरा कुणाकडे द्यायची हे लोकांना ठरवू द्या, म्हणाले. १० एप्रिल १९६२ ला बुस्तामांतेला २६ जागा मिळाल्या, मॅनलींना १९. सहा ऑगस्टला युनियन जॅक उतरला तेव्हा देशाचा पहिला पंतप्रधान तो होता ज्याला १९३८ मध्ये मॅनलींनी तुरुंगातून काढलं होतं. मॅनली विरोधी पक्षनेते म्हणून १९६९ पर्यंत बसले आणि त्याच वर्षी गेले. एकाच माणसाला वर्षभराच्या आत दोनदा नाही म्हणणाऱ्या त्या मतदाराने पुढे त्यांना राष्ट्रपुरुष ठरवलं, किंग्स्टनच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं. या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळीही उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. मात्र यात ते स्वतः उभे होते, कठड्याच्या आत. पहिल्या प्रश्नातही तसेच उभे राहिले असते, म्हणजे १९५८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन बसले असते, तर निकाल बदलला असता याची हमी मी देत नाही. पण जमैकाच्या शेतकऱ्याला निदान कळलं असतं की या संघराज्यात आपलं कुणीतरी राहतं.

संघराज्य मोडल्यावर ज्या प्रश्नावर भांडण होतं तो काही मिटला नाही. एका बेटाच्या माणसाला दुसऱ्या बेटावर मोकळेपणी जाता यावं की नाही, यावर त्रिनिदाद तेव्हा अडलं होतं. २०११ च्या मार्चमध्ये जमैकाची एक तरुणी बार्बाडोसला उतरली. तिथल्या विमानतळाला ग्रँटली अ‍ॅडम्स यांचं नाव आहे, त्या चार वर्षांच्या देशाच्या एकमेव पंतप्रधानांचं. तिची अपमानास्पद झडती घेतली, रात्रभर कोठडीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. तिने कॅरिबियन न्यायालयात दाद मागितली. २००५ पासून कामाला लागलेलं हे न्यायालय पोर्ट ऑफ स्पेनला आहे. २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि बार्बाडोसला भरपाई द्यावी लागली. मात्र तिच्या स्वतःच्या देशातल्या खटल्यांचं शेवटचं अपील या न्यायालयात जात नाही. ते अजून लंडनला, प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या शेवटच्या न्यायमंडळाकडे जातं, जिथला रस्ता आपण १९४९ मध्ये बंद केला.